उलटी कात्री

निपाणीत, जुन्या पी.बी. रोडला,
गुरुलिंगच्या गेम पार्लरात
तासाला वीस रुपये होते तेव्हा.
बाजूला दाढीचं दुकान, मधली भिंत फळ्यांची,
वस्तरा चामड्यावर घासल्याचा आवाज इकडे यायचा.

बटणांचे खेळ मला जमायचे.
बटणाला कळत नाही हात कुठला.
मग त्यानं बेंगळूरहून ती पांढरी कांडी आणली,
हवेत फिरवाल तशी
पडद्यावर तलवार फिरणार.
पोरं म्हणाली, आता खरंखुरं आपणच लढायचं.

मी कांडी डाव्या हातात धरली.
पडद्यावरच्या बाईनं तलवार उजव्या.

माझ्या खांद्यातून निघालेला वार
तिच्या भलत्याच खांद्यातून निघे,
आणि आम्हा दोघींच्या मधनं
शिंगवाला राक्षस निवांत आत येई,
पाहुण्यासारखा.
एका तासात सात वेळा मेले.

"एडगै," गुरुलिंग म्हणाला.
शिवी नव्हती, डॉक्टरनं नाव सांगावं तसं.
पोरं म्हणाली, हिचा एक हात कन्नड आहे.
कुठला, ते त्यांनी ठरवलं नव्हतं.

सेटिंगमध्ये शिरलो.
आवाज कमी करता येत होता.
रक्त हिरवं करता येत होतं.
हात बदलता येत नव्हता.

तेव्हा त्यानं शेजारचा आरसा मागून आणला,
समोरच्या भिंतीला टेकवला,
मी पडद्याकडे पाठ करून उभी.
आरशात बाई डावरी झाली!
तिच्या मागं भिंतीवरचं दरपत्रक,
वर कन्नड, खाली मराठी,
दोन्ही सारखंच अनोळखी.
पण मी डावीकडे मारलं की ती उजवीकडे मारे.
राक्षसाच्या तोंडावर साबणाचे वाळलेले थेंब.
न्हावी आला आणि आरसा घेऊन गेला,
गिऱ्हाईक अर्धं राहिलं होतं.

आई शोधत आली.
तिच्या आधी तंबाखूचा वास आला.
"काय करायलीस?" म्हणाली, आणि न विचारता
कांडी घेतली, डाव्या हातात.

तिला ठाऊक होतं हे सगळं.
विडीचं पान कापायची कात्री उजव्यांचीच असते.
डाव्या हातात पाती एकमेकींपासून पळतात,
पान दुमडतं, तुटत नाही.
पहिल्या वर्षी तिच्या निम्म्या विड्या छाटीत गेल्या.
मग संकेश्वरच्या लोहाराकडं गेली,
पाती उलटी बसवून दे म्हणाली.
तो म्हणाला, अशी कात्री नसते.
ती म्हणाली, नसते म्हणून तर आले.

आई दोनदा मेली, तिसऱ्यांदा मेली,
कांडी उलटीपालटी करून पाहिली, स्क्रू कुठे आहे म्हणून.
"ह्याचा लोहार कोण?"
"जपानात, अक्का."
"मग कागद धाड."

मी लिहिला.
डाव्या हाताखाली शाई फासत,
मराठीत, कारण रागावायला तीच भाषा येत होती.
पत्ता खोक्यावरून उतरवला, अक्षर अक्षर चित्रासारखं.
पोस्टातल्या माणसानं वजन करून
माझ्याकडं पाहिलं, मग तिकिटं लावली.
उत्तर आलं नाही.
कांडी गुरुलिंगनं पुढं चिकोडीच्या कुणाला विकली.

आता माझ्या पोराचे खेळ
सुरुवातीलाच विचारतात, हात कुठला?
तो न वाचता पुढं जातो.

परवा शाळेच्या प्रोजेक्टसाठी
त्यानं खणातनं आईची कात्री काढली.
कार्डशीट पात्यांत नुसतीच दुमडली.
पुन्हा. पुन्हा.
"ही मोडकी आहे," म्हणाला.

दे इकडं, मी म्हटलं.
काय कापायचंय?